मंडळाच्या खोलीतली बुटकी खुर्ची

मी बोलतेय ती शाळेच्या नियामक मंडळाच्या खोलीतली बुटकी खुर्ची. खुर्चीला पाठ असते, पाय असतात; मान मात्र नसते. असती तर ती खाली घालूनच मी हे सारे सांगितले असते.

खुर्ची म्हटले की माणसांच्या मनात मोह जागा होतो. खुर्ची मिळवतात, राखतात, तिला चिकटून बसतात आणि दुसऱ्याची खाली खेचतात. माझ्याबाबतीत असे कधी घडले नाही. माझ्यावर बसायला मिळावे म्हणून कोणी कोणाचे पाय ओढले नाहीत. माझी उंचीच अशी, की धडधाकट माणूस बसला तर त्याचे गुडघे छातीला भिडावेत आणि उठताना त्याला कोणाचा तरी हात मागावा लागावा. मंडळाच्या खोलीत मला ठेवले ते नेमके याचसाठी.

माझा जन्म शाळेच्याच आवारात झाला. इमारत नवी होती, भिंतींचा रंग ओला होता आणि बालवर्गाला बसायला काही नव्हते. सुताराने मोजपट्टी बाजूला ठेवली, मुलांना उलट्या खोक्यांवर बसवले आणि ज्यांचे पाय जमिनीला नीट टेकले त्यांच्या गुडघ्यामागे खडूने खुणा केल्या. त्या खुणांवरून आम्ही सगळ्या बहिणी घडलो. मी शेंडेफळ, उरल्यासुरल्या लाकडातली; त्यामुळे माझा मागचा एक पाय किंचित आखूड राहिला. सुताराने त्याखाली चामड्याचा तुकडा ठोकला आणि म्हणाला, "चालायचीच थोडी डुगडुग. पोरांना डुलायला आवडतं."

बालवर्गात मी सुखात होते. माझ्यावर मुले बसली, उभी राहिली, उलटी लटकली. कोणी मला घोडा केले, कोणी दुकान. त्या दिवसांची गोष्ट मी सांगत बसणार नाही. सुखाच्या दिवसांना गोष्ट नसते.

मंडळाच्या खोलीत मी आले ती खुंट्यांमुळे. त्या वेळच्या मंडळाने ठरवले, की दप्तरे अडकवायच्या खुंट्या एका ओळीत, उंचावर, सुबक दिसतील अशा बसवाव्यात. ठराव एकमताने झाला. खुंट्या बसल्या. दप्तरे मात्र जमिनीवर पडून राहिली, कारण एकाही मुलाचा हात तिथवर पोचेना. शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या सभेला त्या मला काखोटीला मारून घेऊन आल्या, लांब टेबलाच्या टोकाशी ठेवले आणि तेव्हाच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, जरा इथं बसून सांगा बरं, काय काय दिसतंय."

ते बसले. मी करकरले. टेबलाची कड त्यांच्या नाकाशी आली.

"इथून तर मला तुमच्या नुसत्या हनुवट्या दिसताहेत," ते म्हणाले.

"मुलांनाही तेवढंच दिसतं," बाई म्हणाल्या.

खुंट्या खाली आल्या. मी मात्र त्या खोलीतच राहिले, आणि माझ्याभोवती एक रीत तयार झाली. मुलांशी संबंधित कोणताही विषय टेबलावर आला, की जो कोणी तो मांडेल त्याने आधी माझ्यावर बसायचे आणि तिथूनच बोलायचे. लोककथेतला राजा वेष पालटून नगरात हिंडतो आणि प्रजेचे बोलणे ऐकतो. मंडळाच्या सदस्यांना तेवढी सवड नसते. ते कामधंदा सांभाळून, संध्याकाळचा वेळ काढून येतात. त्यांच्यासाठी वेष पालटण्याची सोय म्हणजे मी.

नवा सदस्य आला की मोठ्या बाई त्याला माझ्यावर बसवत आणि समोर उभ्या राहून सांगत. तो उपदेश मी इतक्यांदा ऐकला, की माझ्या लाकडात मुरला. "हे पाहा, शाळा आम्ही चालवतो. ती नीट चालते आहे ना, एवढं तुम्ही पाहायचं. विचारायचं भरपूर, हुकूम मात्र सोडायचा नाही. चव सांगायची, पळी धरायची नाही. जे ठरेल ते या टेबलावर, सगळ्यांनी मिळून ठरेल. आणि या दारातून बाहेर पडलात, की तुम्ही पुन्हा साधी माणसं. बाहेर मंडळ नाही, सदस्य नाही, काही नाही. आपलं-परकं तर आतही नाही. इथं बसला आहात तोवर वर्गातलं प्रत्येक पोर तुमचं, आणि तुमचं स्वतःचं पोर त्यांतलंच एक."

मोठ्या बाई निवृत्त झाल्या, पुढे गेल्याही. रीत राहिली. पण रीतीचेही एक वय असते आणि ते माणसाच्या वयासारखेच सरकते. आधी रीत म्हणजे काम असते. तिच्यावाचून अडते म्हणून ती केली जाते. मग कामाचा विसर पडतो आणि तिचा समारंभ होतो. समारंभाचा कंटाळा आला की तिची थट्टा होते. थट्टाही शिळी झाली की ती वस्तू अडगळ म्हणून उरते. आणि अडगळीचा शेवटी कोणीतरी भलताच उपयोग करतो. या सगळ्या पायऱ्या मी उतरले आहे. आधी प्रत्येक विषयाला माझ्यावर बसणारे पुढे वर्षाच्या पहिल्या सभेत फक्त टेकू लागले. मग नव्या सदस्याला माझ्यावर बसवून फोटो काढू लागले आणि "बुटकीला भार सोसवेल ना?" म्हणून हसू लागले. मग माझ्यावर पिशव्या आल्या, छत्र्या आल्या, बिस्किटांचा डबा आला. वाकलेल्या गुडघ्यांची जागा पिशव्यांनी घेतली तेव्हा मला वाईट वाटले. लाज वाटली नाही. लाज पुढे वाटायची होती.

आता ज्यांच्यामुळे ती वाटली त्या बाईंविषयी. त्यांचे औषधांचे दुकान होते, म्हणून सगळे त्यांना केमिस्टबाई म्हणत. त्यांची मुलगी वरच्या वर्गात होती आणि पालकांनी त्यांना मंडळावर प्रतिनिधी म्हणून निवडून दिले होते. बाई स्वभावाने खरी, कामाला वाघ, कोणाचे अडले तर रात्रीचे दुकान उघडून औषध देणारी. पहिल्या सभेत त्या माझ्यावर बसल्या तेव्हा दिलखुलास हसल्या.

"अगंबाई, गुडघे कानाला लागले की माझे!"

"लागू देत," टेबलाच्या उजव्या अंगाला बसणारे वकील म्हणाले. हे वकील मंडळातले सर्वांत जुने सदस्य. मोठ्या बाईंचा उपदेश प्रत्यक्ष ऐकलेले तेवढे एकच उरले होते. "त्या निमित्तानं कान टोचले जातील."

अध्यक्षांनी फोटो काढला. ते पूल बांधणारे अभियंते होते, निवृत्त झालेले. त्यांना सगळे पूलवाले म्हणत आणि त्यांनाही दोन काठ जोडून देण्याची फार हौस होती. मोठ्या बाईंचा उपदेश मात्र केमिस्टबाईंना कोणी ऐकवला नाही. तेवढे राहून गेले.

एका दुपारी सभेपूर्वी केमिस्टबाई लवकर आल्या, पिशवी माझ्यावर ठेवली, पिशवीवर फोन ठेवला आणि तो वाजला. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याचा मुलगा बालवर्गात होता.

"ताई, आज परत चावली ती पोरगी त्याला. दंडावर दातांचे वण उठलेत."

"अरे, लहान आहेत ती. ताईंना सांगितलंस का वर्गातल्या?"

"सांगितलं. म्हणतात, दोघांशी बोलते, लक्ष ठेवते. लक्ष ठेवून काय होणार? तू मंडळावर आहेस ना?"

"आहे. मग?"

"मग काय मग! तू मंडळावर असून उपयोग काय आमचा?"

माणसांच्या भाषेत हे वाक्य फार जुने आहे. गावच्या पाटलाच्या भावापासून दरबारी कारभाऱ्याच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी ते उच्चारले असेल, आणि त्याला उत्तर द्यायला बहुतेकांची जीभ अडखळली असेल. केमिस्टबाईंची अडखळली. त्या म्हणाल्या, "बघते."

त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळाने परतल्या तेव्हा त्यांच्यामागून बालवर्गाच्या ताई आल्या. ताई तरुण होत्या, शाळेत नव्या होत्या आणि त्यांची नेमणूक अजून कायम व्हायची होती.

"पण बाई, मुलं बाकावर बसतात हल्ली," ताई सांगत होत्या. "तिला वेगळं बसवायचं म्हणजे वेगळी खुर्ची लागेल. आणि खरं सांगू का, मला वाटतं, थोडे दिवस—"

"थोडे दिवसच गं. बाकीच्या पोरांना त्रास नको म्हणून म्हणतेय मी. माझा भाचा आहे म्हणून नाही हं." बाईंचा आवाज प्रेमळ होता, हुकूम फार वेळा प्रेमळ आवाजातच येतो. त्यांनी खोलीभर पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. "ही घेऊन जा ना! इथं नुसती पडून असते."

त्यांनी स्वतःच्या हाताने पिशवी उचलली. ताईंनी मला उचलले.

खरे सांगते, मला आनंद झाला. किती वर्षांनी बालवर्ग! खडूचा वास, ओल्या रंगांचा वास, खिडकीतून तिरके येणारे ऊन. माझ्या बहिणी केव्हाच मोडीत गेल्या होत्या. त्यांच्या जागी लांब बाक होते. त्या बाकांपासून दूर, चपला ठेवायच्या फळीशेजारी, भिंतीकडे तोंड करून मला ठेवले. आणि माझ्यावर एक मुलगी येऊन बसली. तिचे पाय जमिनीला अगदी बरोबर टेकले. सुताराची खूण चुकली नव्हती.

तो भार ओळखीचा होता. मी मनात म्हटले, आले बाई मी घरी. त्याच क्षणी बाकावरून एक आवाज आला, "चावरीला शिक्षा! चावरीला शिक्षा!" माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

ती मुलगी रडली नाही. तिने माझी डुगडुग शोधून काढली आणि पुढेमागे डुलत राहिली. मग नखाने माझ्या बैठकीखालचा रंग खरवडू लागली. बाकावर गाणे सुरू झाले की ती मागे वळून पाही आणि ताई दिसल्या की पुन्हा भिंतीकडे वळे. असे रोज चालले. मोठ्या माणसांनी थोडा वेळ तरी लहान व्हावे म्हणून ज्या मला जपून ठेवले होते, त्याच मला आता एका लहानगीला आणखी लहान करण्यासाठी वापरले जात होते. ज्या कामासाठी आपल्याला जपले त्याच्या नेमके उलट काम आपल्या हातून होते आहे आणि आपल्याला उठून जाता येत नाही, यापरती लाज मला ठाऊक नाही.

नवल असे की ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो भाचा काही दिवसांतच माझ्यापाशी घुटमळू लागला. त्याच्या दंडावरचे वण गेले होते. राग त्याच्याही आधी गेला होता.

"सरक," तो तिला म्हणाला आणि माझ्या अर्ध्या बैठकीवर येऊन टेकला. दोघांच्या भाराने मी एका अंगाला कलले आणि दोघेही खिदळले.

"परत माझी क्लिप ओढशील?" तिने विचारले.

"नाही. परत चावशील?"

"ओढलीस तर."

एवढ्यावर त्यांचा तह झाला होता. मंडळे, सभा, तक्रारी यांतले काही न लागता. पण ताई धावत आल्या आणि त्याला हाताला धरून बाकाकडे नेऊ लागल्या.

"नको रे राजा, आत्या रागावतील."

"आत्याला सांगू नका ना," तो म्हणाला.

दारात शेजारच्या वर्गाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी भुवई उंचावली तशी ताई हळूच म्हणाल्या, "मंडळाच्या बाईंनी सांगितलंय. मला कळत नाही का, की हे बरं नाही? पण माझी नेमणूक त्यांच्याच टेबलावर जायचीय. मी काय करू?" आणि त्यांनी माझ्याकडे पाठ केली. तेव्हा लाज वाटणारी त्या वर्गात मी एकटीच नव्हते.

मुलीचे वडील लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करत. मुलीला न्यायला एरवी शेजारीण येई. एके दिवशी त्यांचे काम लवकर आटोपले आणि ते स्वतः, कामाच्या कपड्यांतच आले. त्यांनी दारातून मुलीची पाठ पाहिली, भिंत पाहिली, चपलांची फळी पाहिली.

"ही इथं का बसलीय?"

"थोड्या दिवसांपुरतं आहे," ताई म्हणाल्या. "तसं वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

ताई फळीवरच्या चपला नीट लावू लागल्या. तो माणूस मुख्याध्यापकांकडे गेला. मुख्याध्यापकांना यातले काहीच माहीत नव्हते आणि माहीत नव्हते हे कबूल करणे त्यांना जड गेले. त्यांनी "चौकशी करतो" एवढेच सांगितले. वडिलांनी मंडळाकडे तक्रार केली. ती कळताच केमिस्टबाईंचा भाऊही गप्प बसला नाही. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या पालकांना त्याने जमवले आणि त्यांच्या वतीने मंडळाकडे मागणी केली, की जी मुलगी चावते तिला शाळेतूनच काढावे. म्हणजे प्रश्न आता खुर्चीचा राहिला नव्हता. ती मुलगी या शाळेत राहणार की नाही, हे त्या लांब टेबलावर ठरणार होते.

सभा शाळा सुटल्यावर भरली. वडिलांना आत बोलावले होते, म्हणून मुलगी वर्गातच थांबली होती. आणि दुसरीकडे बसायला कोणी सांगितले नव्हते, म्हणून माझ्यावरच बसली होती. वर्ग रिकामा होता. ताईंना मुख्याध्यापकांनी मंडळाच्या खोलीच्या दाराबाहेर थांबायला सांगितले होते.

आणि दारात केमिस्टबाई आल्या.

त्यांना काय झाले ते मला नंतर खोलीतल्या बोलण्यावरून उमगले. पालकांची मागणी मांडायला त्याच उभ्या राहिल्या होत्या. वकिलांनी चष्मा पुसत विचारले होते, "मुलीचा विषय आहे. आपली बुटकी कुठं आहे? रीत आहे ती." मंडळी हसली होती. मग कोणीतरी विचारले, खरेच, कुठे गेली? केमिस्टबाई घाईने "मी आणते" म्हणून बाहेर पडल्या होत्या. दुसरे कोणी आणायला गेले असते तर मी कुठे सापडले हे सगळ्यांना दिसले असते.

त्या आल्या आणि थबकल्या. त्यांनी मला बालवर्गात धाडले होते. पण कुठे ठेवले, कसे ठेवले, हे त्यांनी कधी येऊन पाहिले नव्हते. भिंत, चपलांची फळी आणि माझ्यावर डुलणारी ती मुलगी त्या आज पहिल्यांदाच पाहत होत्या.

"बाळ," त्या म्हणाल्या, "जरा उठतेस? मला ही खुर्ची हवीय."

मुलगी झटकन उठली. "शिक्षा संपली?"

"शिक्षा? शिक्षा कोण म्हणालं?"

"ही शिक्षेचीच खुर्ची आहे," मुलीने समजावून सांगितले. मोठ्या माणसांना इतके साधे कसे माहीत नाही, असा तिचा चेहरा होता. "हिच्यावर बसलं की कुणाशी बोलायचं नसतं." मग तिने बाईंना नीट निरखले. "तुम्हांला बसवणार आहेत?"

बाईंनी मला पाठीला धरले होते.

"हो," त्या म्हणाल्या.

"काय केलंत?"

त्यांनी मला उचलले आणि आम्ही तो लांब बोळ ओलांडला. बाहेर थांबलेल्या ताईंनी आम्हांला पाहिले आणि नजर खाली वळवली.

खोलीत मला पूर्वीच्याच जागी ठेवले. केमिस्टबाई बसल्या. मी डुगडुगले, करकरले. कोणी हसले नाही, कारण त्यांचा चेहरा हसण्यासारखा राहिला नव्हता.

"हं, मांडा विषय," अध्यक्ष म्हणाले.

"मला तो मांडता येणार नाही. ज्या मुलाला ती चावली तो माझा भाचा आहे. आणि तिला वेगळं बसवायचं, हे ताईंनी नाही, मुख्याध्यापकांनी नाही, मी सांगितलं. वर्गात जाऊन. या खोलीतून हीच खुर्ची मी उचलून दिली."

लिफ्टवाले वडील भिंतीशी उभे होते. त्यांना मोठी खुर्ची दिली होती, पण ते बसले नव्हते. त्यांनी बाईंकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. त्यांनी मला ओळखले.

वकील शांतपणे म्हणाले, "सभा सुरू होताना मी विचारलं होतं, की या विषयात कोणाचं नातंगोतं, हितसंबंध असेल तर सांगा. तेव्हा आपण पेनाचं टोपण लावत होतात."

"काढत होते," बाई म्हणाल्या. "लावत होते आणि काढत होते. मला ऐकू आलं होतं."

अध्यक्षांना हे सगळे फार अवघड झाले. "जाऊ द्या हो," ते म्हणाले. "आत्याची माया आहे. माणूस आहे, चुकतो. आपण सामोपचारानं—"

"नको, पूलवाले," बाई म्हणाल्या. "या वेळी पूल नका बांधू. मी ताईंच्या पोटावर पाय ठेवून बोलले, आणि मला वाटत होतं मी गोड बोलतेय. मुख्याध्यापकांना विचारलंसुद्धा नाही. आणि आज या पोरीला काढा म्हणायला मीच उभी राहिले होते." त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण माझ्यावरून सहज उठता येत नाही. वकिलांनी हात पुढे केला. "मतदानाला मी बाहेर थांबते. माझं काय करायचं तेही माझ्यामागं ठरवा."

"राजीनामा देऊन सुटका करून घेऊ नका म्हणजे झालं," वकील म्हणाले.

"तेच देणार होते."

"वाटलंच मला."

त्या गेल्या. मी टेबलाच्या टोकाशी रिकामी राहिले. अध्यक्ष घसा खाकरून वडिलांकडे वळले. "झाल्या प्रकाराबद्दल मंडळाच्या वतीनं आम्ही आपली—"

"मला तुमची माफी नकोय," वडील म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ताणलेला होता. "माफी घेऊन मी घरी काय करू? उद्या सकाळी माझी मुलगी कुठं बसणार, तेवढं सांगा."

अध्यक्षांनी तोंड उघडले. "ती पहिल्या बाकावर—"

"थांबा," वकील म्हणाले. "आत्ता आपण तेच करायला निघालो होतो." ते वडिलांकडे वळले. "तिनं कोणत्या बाकावर बसायचं, हे आम्ही ठरवायचं नाही. ते आम्ही ठरवायला लागलो, म्हणूनच हे झालं. ती याच शाळेत बसेल, हे आम्ही ठरवू शकतो. तिच्या ताईंना यापुढं या टेबलावरचा कोणीही बाहेर जाऊन काही सांगणार नाही आणि सांगितलं तर त्यांनी ते ऐकायचं नाही, हेही आम्ही ठरवू शकतो. तेवढंच आमचं काम होतं. ते आम्ही केलं नाही."

मुख्याध्यापकांनी ताईंना आत बोलावले. त्या आल्या आणि वडिलांसमोर उभ्या राहिल्या.

"उद्या ती बाकावर बसेल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांमध्ये. ते मला पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं. मी घाबरले."

वडिलांनी मान हलवली. होकार होता की नुसतीच दखल, ते मला कळले नाही. "मुलीला विचारतो," ते म्हणाले. "ती यायला तयार असली तर आणतो."

मंडळाने एकमताने ठरवले, की मुलगी शाळेत राहील. केमिस्टबाईंना समज देण्यात आली, आणि वर्षभर त्यांनी बालवर्गाच्या कोणत्याही विषयात भाग घेऊ नये असे ठरले. ताईंच्या नेमणुकीचा विषय येईल तेव्हा केमिस्टबाई खोलीत नसतील. हे ऐकायला त्या पुन्हा आत आल्या आणि उभ्यानेच ऐकले.

सगळे गेल्यावर त्या पिशवी घ्यायला परतल्या. पिशवी त्या दिवशी जमिनीवर होती. फोन वाजला.

"काय झालं गं ताई? काढलं ना तिला?"

"नाही. ती राहणार. आणि मी सगळं सांगून टाकलं."

"काय सांगून टाकलंस? डोकं फिरलंय का तुझं? अगं, मग तू मंडळावर असून उपयोग काय?"

बाई माझ्याकडे पाहत होत्या. या वेळी त्यांची जीभ अडखळली नाही.

"तुला काही नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुला काहीच उपयोग नाही."

पुढच्या आठवड्यात मुलगी शाळेत आली.

आता मी पुन्हा टेबलाच्या टोकाशी आहे. माझ्यावर पिशव्या नसतात. मुलांचा विषय निघाला की मांडणारा कण्हत-कुंथत बसतो, आणि नवा सदस्य आला की वकील त्याला माझ्यावर बसवून मोठ्या बाईंचे बोल जसेच्या तसे ऐकवतात. केमिस्टबाई त्या वेळी खिडकीबाहेर पाहतात. रीत पुन्हा कामाला लागली आहे. पण ती मला फुकट परत मिळालेली नाही, तिच्यासाठी एका मुलीला भिंतीकडे तोंड करून बसावे लागले. माझ्या बैठकीखाली तिच्या नखांनी खरवडलेला रंग तसाच आहे. मध्यंतरी कोणीतरी मला नवा रंग द्यायची गोष्ट काढली, तेव्हा केमिस्टबाई म्हणाल्या, "वरून द्या. खालून नको."

आता मागणे एकच. तुम्हीही कुठल्याशा शाळेच्या टेबलाशी बसत असाल, तर माझ्यासारखी एखादी खुर्ची तिथे आहे का पाहा. नसेल तर बालवर्गातून मागून घ्या. ताईंना विचारून घ्या. तिच्यावर बसल्यावर तुम्हांला अवघडल्यासारखे होईल, आणि व्हायलाच हवे. माझा तेवढाच उपयोग आहे. तिच्यावर पिशवी ठेवू नका. आणि ती उचलून कोणाला देऊ नका.

परवा मंडळाच्या खोलीचे दार उघडे राहिले होते. बालवर्गाची रांग समोरून चालली होती. ती मुलगी आणि तो भाचा हातात हात धरून येत होते. दारापाशी ती थांबली. मी जमिनीत गडप व्हावे असे मला वाटले.

"ती बघ," ती त्याला म्हणाली. "शिक्षेची खुर्ची."

"इथं कशाला ठेवलीय?"

"आता मोठ्यांना बसवतात तिच्यावर," ती म्हणाली, आणि रांग गाठायला दोघेही पळाले.